पिंपातला विज्ञानाचा तास

मी लेकीला शिकवायला पहिल्यांदा बसलो, तो थेट पिंपात बसलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नुकतेच गिरगावातून जुईनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. सायली सहावीत, आणि विज्ञानात तिच्या गटांगळ्या चाललेल्या. बायकोला, म्हणजे सुलभाला, ताप होता म्हणून शाळेतल्या पालकसभेला मी गेलो. वर्गभर नुसत्या आया! बाई म्हणाल्या, "मुलांच्या अभ्यासात वडिलांनीही लक्ष घातलं पाहिजे." सगळ्या आयांनी वळून माझ्याकडे पाहिलं. समस्त बापांची अब्रू एकट्या माझ्या हाती!

रविवारी सुलभा भाजी आणायला गेली आणि मी धडा उघडला. पाण्यात बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाइतकं पाणी बाजूला सारते. मी घसा ताणून वाचलं. सायलीनं जांभई दिली.

"बाबा, डोक्यात नाही शिरत."

"थांब, करूनच दाखवतो!"

(शहाण्या बापानं पेल्यात बटाटा टाकला असता.) मी हाफपँट चढवली, स्टुलावर चढलो आणि बाथरूममधल्या काठोकाठ भरलेल्या पिंपात उतरून उकिडवा बसलो. भसाभसा पाणी सांडलं!

"कळलं, कळलं!" सायली टाळ्या पिटत नाचायला लागली.

मी ऐटीत उठायला गेलो. गुडघे छातीत रुतलेले, कोपरं अडकलेली. उठताच येईना!

तेवढ्यात बेल वाजली. सायलीनं दार उघडलं. खालच्या मजल्यावरचे म्हात्रे, मूळचे इथल्याच तळवली गावचे, तडक बाथरूमपर्यंत आले.

"आमचे घरान वरशी पानी गलतंय, आन् तुमी पिंपान बसलाव?"

"शिकवतोय," मी म्हणालो.

मागोमाग सुलभा आली. "अहो, उद्या सकाळपर्यंतचं पाणी होतं ते! आता भांडी कशानं घासू?"

आणि या गदारोळात सायलीनं विचारलं, "बाबा, पाण्यात तुम्हाला हलकं वाटतंय का?"

"वाटतंय की!"

"का पण?"

अभ्यासातलं तिचं हे पहिलं 'का'! मी इतका हरखलो, की पिंपातूनच हात काढायचा प्रयत्न करत समजवायला लागलो. पाणी वस्तूला वर ढकलतं, वगैरे. म्हात्रेसुद्धा काठावर हात टेकून ऐकत राहिले.

"मंग तुमाला वर का नाय ढकलत?"

"आधी बाहेर या!" सुलभा कडाडली. तिनं माझ्या खांद्यांवर खोबरेल तेल ओतलं, म्हात्रेंनी पिंप आडवं केलं, आणि उरल्यासुरल्या पाण्यासकट मी सुळ्ळकन मोरीत!

दिवसभर म्हात्रेंकडून बादल्या आल्या. सायली मात्र पुढच्याच चाचणी परीक्षेत विज्ञानात चक्क पास झाली, आणि त्यानंतरच्या रविवारी बिल्डिंगमधली सात-आठ पोरं पुस्तकं घेऊन दारात उभी राहिली.

"काका, आमचा पुढचा धडा विजेचा आहे. तुम्ही कशात बसणार?"

मी लगेच दुकानातून सेल आणि छोटा बल्ब आणला. शिकवण्याच्या भरात हा माणूस प्लगमध्ये बोट घालेल, अशी सुलभाला धास्ती होती. खरं सांगू? मलाही होती!