उपासनेच्या दिवशी आलेली भगर

ज्यांनी मला प्रार्थना करायला शिकवलं, त्यांच्यासाठीच प्रार्थना करताना मला शब्द सुचेनासे झाले होते. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांना वाटायचं, शिकलेली मुलगी आहे, बायबलमधलं वचन रोज वाचते, हिचा विश्वास भक्कम असणार. मी हो हो म्हणत राहायची. आतून मात्र मला एकच प्रश्न टोचत होता: मी एवढं सगळं करते आहे, तरी देव ऐकत का नाही?

माझे बाबा खामगावात एका जिनिंगमध्ये फिटर होते. शिक्षण चौथीपर्यंत. पण सकाळच्या भोंग्याच्या आधी उठून, चूळ भरून, खिडकीपाशी बसून वचन वाचल्याशिवाय त्यांनी कधी चहा घेतला नाही. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश वाचायचे. वाचून झालं की बराच वेळ नुसते बसायचे. लहानपणी मी विचारायची, "बाबा, आता काय करून राह्यले?" ते म्हणायचे, "काई नाई. बसून राह्यलो." शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उपवास. त्या दिवशी ते मशीनवर नेहमीसारखंच काम करायचे आणि उपवासाची वाच्यता करायचे नाहीत. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एड. करून इथल्याच एका खाजगी शाळेत शिकवते. पण देवासमोर बसण्याचं जे काही मला येतं, ते कॉलेजात शिकलेलं नाही. ते त्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाला बघून आलेलं आहे.

त्यांना लकवा झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आई जाऊन काही वर्षं झाली आहेत, घरात आम्ही दोघंच. अकोल्याच्या दवाखान्यात त्यांच्या नाकातून नळी घातली होती. त्यांनी ती डाव्या हातानं ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. शेवटी त्यांचा तो एकमेव चालणारा हात पट्टीनं खाटेला बांधावा लागला. दवाखान्याच्या लोकांचा त्यात दोष नव्हता, दुसरा उपाय नव्हता. पण बांधलेल्या हाताची बोटं उघडत मिटत होती आणि बाबा माझ्याकडं बघत होते, ते मी विसरू शकले नाही. घरी येताना गाडीत मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, आता पुन्हा नळी नाही."

घरी आल्यावर पहिले दिवस बरे गेले. मऊ भात, वरण, रव्याची खीर, चमच्यानं सावकाश दिलं की गिळायचे. मग हळूहळू त्यांनी तोंड उघडणंच बंद केलं. चमचा ओठाला लागला की मान फिरवायचे. जास्त आग्रह केला तर डाव्या हातानं माझा हात ढकलून द्यायचे. कसंबसं पाणी आणि दूध पोटात जायचं, तेवढंच. अंगावरचं मांस उतरत चाललं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, सोमवारी घेऊन या, असंच राहिलं तर नळी घालावीच लागेल, नाहीतर माणूस राहणार नाही. त्यांचं बरोबर होतं. पण मला तो बांधलेला हात दिसायचा. आणि त्याहून वाईट म्हणजे मला वाटायला लागलं, बाबांनाच आता जगायचं नाही. आयुष्यभर देवाला धरून राहिलेल्या माणसानं मनातून सगळं सोडून दिलं, असं वाटून मी घाबरले.

मग मी माझ्या बाजूनं जोर लावला. पहाटे आणखी लवकर उठायला लागले. वचनाचा जो भाग रोज वाचायची त्याच्या दुप्पट वाचायला लागले. शुक्रवारचा उपवास होताच, त्यात आणखी दिवस वाढवले. शाळेत हजेरी पूर्ण भरली की परीक्षेला बसू देतात, तसं काहीसं माझं गणित होतं. माझी हजेरी भरली आहे, आता तू बाबांना जेवायला लाव. हे मी तोंडानं कधी बोलले नाही, पण प्रत्येक प्रार्थनेच्या तळाशी तेच होतं. आणि दुपारी बाबांनी पुन्हा मान फिरवली की मला देवाचा राग यायचा, आणि राग आला म्हणून पुन्हा भीती वाटायची.

आमच्या मंडळीच्या पाळकबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी, चिखलीकडच्या आहेत. मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी ठरवलं की येत्या शुक्रवारी आमच्याच घरी उपवास करून प्रार्थनेला बसायचं. आमच्यात देवाच्या भजनाला, प्रार्थनेच्या सभेला उपासना म्हणतात. आदल्या दिवशी नळावर शेजारच्या गोदामावशी भेटल्या. त्यांची शेती देऊळघाटकडं आहे, मुलांच्या शिक्षणासाठी त्या इकडं येऊन राहिल्या आणि मुलं बाहेरगावी गेल्यावरही इथंच राहिल्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, उद्या आमच्याकडं उपासना आहे. लोक येतील, थोडा गलका होईल." त्या म्हणाल्या, "होऊ दे व माय, त्यात काय." एवढंच बोलणं झालं.

शुक्रवारी सकाळी आमची बैठकीची खोली भरली. बाबांची खाट तिथंच भिंतीला लावलेली होती, त्यांच्याभोवती आम्ही सगळे सतरंजीवर. गाणी झाली, वचन वाचून झालं आणि पाळकबाई म्हणाल्या, आता कोणी काही मागायचं नाही, थोडा वेळ गप्प बसू. डोळे मिटले. मी गप्प बसले खरी, पण आतून माझं मागणं चालूच होतं. तेवढ्यात जिऱ्याच्या फोडणीचा आणि भाजलेल्या दाण्यांचा वास आला. आधी वाटलं, भुकेनं भास होतो आहे. मग कोणाच्या तरी पोटातून चांगला मोठा आवाज आला. मी डोळे उघडले. दारात गोदामावशी उभ्या होत्या. दोन्ही हातांत कापडानं धरलेला मोठा गंज, त्यावर झाकण, आणि झाकणावर आणखी एक डबा.

"काय व, सगळेच डोये मिटून बसले?" त्या हळूच म्हणाल्या. "मी मंग येऊ का?"

मी उठून जवळ गेले. "मावशी, हे काय आणलं?"

"भगर हाय. अन् दान्याची आमटी. तूच तं काल म्हनली, उद्या उपास हाय, लोकं येऊन राह्यले म्हनून. बाप खाटेवर, तू एकटी. इतक्या लोकायचं फराळाचं तू कधी करशील?"

"उपास नाही मावशी. उपासना म्हटलं मी. म्हणजे प्रार्थना."

"तेच तं. मंग उपासनेले खाता काय तुमी लोकं?"

आता सगळ्यांचे डोळे उघडले होते. पाळकबाई म्हणाल्या, "काही नाही खात हो मावशी. आज आमचा उपवासही आहे. पण आमच्या उपवासाला नुसतं पाणी."

मावशींनी खोलीभर नजर फिरवली. त्यांना आमची खरोखरच दया आली होती. "नुसतं पानी? इतका कडक उपास कोनं सांगतला तुमाले? आमचा देव इतका कडक नाई बापा. भगर चालते त्याले."

पाळकबाईंना हसू आवरेना. त्या हसल्या तसे सगळे हसायला लागले. मला मात्र हसू येत नव्हतं. मला संकोच वाटत होता. प्रेमानं आणलेलं अन्न परत कसं पाठवायचं, आणि घेतलं तर प्रार्थनेचं काय, या विचारात मी तो गंज हातात घेऊन तशीच उभी होते. माझी पाठ खाटेकडं होती. मागून आवाज आला. शब्द नव्हता, घशातून निघालेला, लांबवलेला आवाज. वळून बघितलं तर बाबांनी मान आमच्याकडं फिरवली होती आणि त्यांची नजर माझ्यावर नव्हती, गंजावर होती.

"त्यायले पाह्यजे," मावशी म्हणाल्या. "पाह्यनं तोंडाकडं. दे त्यायले."

मी थोडी भगर वाटीत घेतली, आमटीत कालवून पातळ, मऊ केली. बाबांना उशीनं बसतं केलं. चमचा ओठाशी नेला. पुढं काय होतं ते मला पाठ होतं. बाबांनी तोंड उघडलं. घास आत गेला. ते थांबले, डोळे मिटले, आणि गिळलं. मी दुसरा दिला. तोही गिळला. तिसऱ्या की चौथ्या घासानंतर त्यांचा डावा हात वर आला आणि मला वाटलं, आता ढकलणार. त्यांनी माझं मनगट धरलं आणि चमचा स्वतःकडं ओढला.

वाटी संपली तेव्हा पाळकबाई डोळे पुसत होत्या. गोदामावशींना या सगळ्यात विशेष काही वाटलं नव्हतं. म्हातारा माणूस भुकेला होता, जेवला.

पण माझ्या मनात एक गोष्ट राहिली. मी पण मऊच देत होते. मिरची तर मी घालतच नव्हते. मग यात काय होतं जे माझ्या वरणात नव्हतं? मी आमटी बोटावर घेऊन चाखली. गोडसर, दाण्याची चव, मीठ, तिखट नावाला नाही. काहीतरी कमी वाटत होतं. "मावशी, तुम्ही यात चिंच, आमसूल काही घातलं नाही?"

"शुक्रवार हाय ना व आज. शुक्रवारच्या उपासाले आंबट कसं घालीन? घरात लिंबू सुदीक नाई कापला."

आंबट. बाबांना आंबट फार आवडायचं. ताटात लिंबाची फोड नसली तर ते वरणाला हात लावायचे नाहीत. ते जेवत नाहीत म्हणून, त्यांना चव यावी म्हणून, मी वरणात, भातात, सगळ्यात लिंबू पिळत होते. एक दिवस नाही खाल्लं की दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. खीरही मी केव्हाच बंद केली होती, गोड नको वाटत असेल म्हणून. मी मोबाइलचा उजेड करून बाबांना तोंड उघडायला सांगितलं. उजव्या गालाच्या आत, जिथं त्यांना अन्न अडकल्याचं नीट कळत नव्हतं, तिथं पांढरे फोड आले होते, जिभेच्या कडेपर्यंत. तोंड आलं होतं त्यांचं. प्रत्येक चमच्याला ते झोंबत असणार आणि सांगायला शब्द नव्हता. हात होता, तो ते ढकलायला वापरत होते. बाबांनी जगणं सोडलं नव्हतं. ते मला सांगत होते आणि मला कळत नव्हतं.

पाळकबाईंनी मग सगळ्यांना पुन्हा बसवलं आणि साधीशी प्रार्थना केली. "प्रभू, ज्याच्यासाठी उपाशी बसलो होतो तो जेवला, तुझे आभार." डोळे उघडून त्या म्हणाल्या, "आता उपवास कशाचा धरता? वाढा." आम्ही सगळ्यांनी ती भगर खाल्ली. गोदामावशी वाढत होत्या आणि परत परत सांगत होत्या, "खा खा, उपासाचंच हाय, यानं मोडत नाई." त्यांची समजूत कोणी काढली नाही. मला तर ती काढावीशीही वाटली नाही.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्यांनी तोंडात लावायला औषध दिलं. सोमवारी नेलं तेव्हा नळीचा विषय निघाला नाही. हे कोणी योगायोग म्हणेल. एका शब्दाची गफलत झाली, वार शुक्रवार होता, शेजारीण मायाळू होती. मी वाद घालणार नाही. मला एवढंच माहीत आहे की मी ज्या उत्तराची वाट पाहत होते ते माझ्या पहाटे उठण्यानं, माझ्या जास्तीच्या वाचनानं आलं नाही. ते एका अशा बाईच्या हातून आलं जिला आमची प्रार्थना काय असते तेच ठाऊक नव्हतं, आणि जी स्वतःच्या देवाचा नियम पाळत होती. माझा हिशेब असा काही होईल असं धरून चाललाच नव्हता.

मी पहाटे उठणं सोडलेलं नाही, शुक्रवारचा उपवासही सोडलेला नाही. उलट आता ते करायला जड जात नाही. वचनाचं वाचन वाढवलं होतं ते पुन्हा कमी केलं, पण जेवढं वाचते तेवढं बाबांच्या खाटेशी बसून, मोठ्यानं, सावकाश वाचते. ते ऐकतात. वाचून झालं की आम्ही दोघं नुसते बसतो. लहानपणी बाबा काही न करता का बसायचे, ते मला आता थोडं थोडं कळायला लागलं आहे. उपवास म्हणजे ताट रिकामं ठेवणं. ते कोणी भरायचं आणि कशानं, हे ठरवणं माझ्याकडं नाही. मी इतके दिवस ताट रिकामं ठेवत होते आणि सोबत काय वाढायचं तेही सांगत होते.

बाबांना आता डाव्या हातानं जेवता येतं. अर्धं सांडतं. मी पुसायला पुढं झाले की ते हातानं थांबवतात, त्यांना स्वतः खायचं असतं. मग मी हात मांडीवर घेऊन समोर बसते आणि ते जेवताना बघत राहते. त्या वेळी मी देवाकडं काही मागत नाही. माझं मन तेव्हा भरलेलं असतं, आणि ते त्याला दिसत असेल.