रेडियमला ऊन दाखवलं

मी भावोजींच्या रेडियमच्या घड्याळाला वैशाखाचं ऊन दाखवलं. एकदा नव्हे, रोज. लोणच्याच्या बरणीला दाखवतात, गाद्यांना दाखवतात, तसं. घड्याळाने प्राण सोडला. झालं ते एवढंच. पण एवढ्याशा गोष्टीवरून आमच्या घरात जो भडका उडाला त्याची धग मला अजून लागते, आणि खरं सांगायचं तर राग अजून गेलेला नाही. भावोजींचा नव्हे, माझा. चूक माझी, आणि राग मला सगळ्यांचा! पण राग असल्या हिशेबाने येत असता तर जगात निम्मी भांडणं झालीच नसती.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वेळणेश्वराकडचे, आगबोटीवर खलाशी. लग्नाला वर्षं झाली तरी नवरा सदा पाण्यावर, त्यामुळे आक्काला दिवस राहायलाच उशीर झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून भावोजी तिला आमच्याकडे रत्नागिरीत पोचवायला आले होते. तिसाच्या सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. नुकत्याच संपलेल्या सफरीत त्यांना बढती मिळाली होती. खलाशाचे सुकाणी झाले होते, आणि मिशीला तेल लावून आले होते.

मनगटावर ते घड्याळ. आमच्या आळीत खिशातली घड्याळं दोन-तीन होती, पण मनगटी, आणि तेही अंधारात दिसणारं, कुणी पाहिलं नव्हतं. भावोजींनी आम्हाला भाताच्या कणग्यांच्या खोलीत नेलं. त्या खोलीला खिडकी नाही, भरदुपारी तिथे हात पुढे केला तर दिसत नाही. दार लोटलं आणि काळोखात हिरवे आकडे उमटले. आई म्हणाली, "अगो बाई, काजवेच की!"

"काजवे नाहीत हो, माझी भाकरी आहे ती," भावोजी म्हणाले. "रात्री सुकाणूपाशी दिवा लावू देत नाहीत. डोळे दिपले की पुढचं पाणी दिसत नाही. वेळ बघायची ती ह्याच्यावर. पुढच्या पाळीच्या माणसाला वेळेवर उठवला नाही तर साहेब दुसऱ्या दिवशी खाली धाडतो, डेक धुवायला. आधीच्या सुकाण्याला असाच धाडला, म्हणून तर मी वर आलो."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

भावोजींना गावी जाऊन घराची शाकारणी उरकायची होती. कौलं-मातीत घड्याळ कशाला, आणि पट्टाही खाऱ्या हवेने कुजलेला, म्हणून घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "मोच्याकडून नवा पट्टा घालून घे. एवढंच. दुसरं काही करू नकोस हां."

"दुसरं काय करणार मी?"

"तेच मला कळत नाही. पण तू करशील. घरकोंबड्याला उद्योग लागतो."

हा घरकोंबडा शब्द माझ्या जिव्हारी लागायचा. एकदा भाट्याची खाडी ओलांडताना मला होडीत ओकारी झाली होती. खाडीत! समुद्रात नव्हे. तेव्हापासून भावोजींनी माझं हे बारसं केलं होतं आणि चारचौघांत ते मला त्याच नावाने हाक मारत. मी मनात म्हटलं, थांबा. घड्याळ असं परत करतो की तुमचं तोंड उघडंच राहील.

तसं ते राहिलं, पुढे.

पट्टा पहिल्याच दिवशी घालून झाला. इथे मी थांबायला हवं होतं. पण उन्हाळ्यात कचेरी सकाळची असे. मी दुपारी डोक्यावर ऊन घेऊन घरी येई, मनगटावर ते घड्याळ, बाही वर सारलेली. आल्याआल्या कणग्यांच्या खोलीत शिरलो की आकडे असे लखलखत की मनगटाला आग लागली म्हणावं. मग जेवून, घड्याळ कोनाड्यात ठेवून मी लवंडायचो. उठून पुन्हा त्या खोलीत जाऊन बघावं तर तेज अर्ध्यावर. दोन दिवस बघितलं, चार दिवस बघितलं. तेच. मी मॅट्रिकला सायन्स घेऊन पहिल्या झटक्यात पास झालेला माणूस. निष्कर्ष काढायला मला वेळ लागत नाही.

"हे उपाशी आहे," मी बायकोला म्हटलं. "झाडाचं पान जसं सूर्याचा उजेड खातं, तसं रेडियम खातं. भावोजी रात्रपाळीवाले, दिवसा झोपतात. घड्याळाला पोटभर ऊन मिळालेलंच नाही."

"मग मुळाशी थोडं पाणी पण घाला," ती म्हणाली.

अंगणात त्या दिवसांत आमचं वाळवण पडलेलं असे. एका बाजूला कोकमाची सालं, दुसरीकडे ताटांतून आंब्याच्या रसाची साटं. आई ओसरीच्या सावलीत काठी घेऊन कावळे हाकत बसे. त्या ताटांच्या मधोमध मी घड्याळ ठेवलं, तोंड आभाळाकडे करून.

"हे काय रे मेल्या? कावळ्याने नेलं म्हणजे?"

"तू आहेस ना राखणीला."

"मी साटांची राखण करते. घड्याळाची करायला मी काय खजिन्यावरची शिपाई?"

पण केली तिने. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत, रोज. मी दुपारी आलो की ते घडीभर उचलून थेट कणग्यांच्या खोलीत. काय ते तेज! पुढे पुढे मला तेवढंही पुरेना. मग घासलेली पितळी परात आणली आणि घड्याळ तिच्यात ठेवलं, म्हणजे ऊन चहूबाजूंनी लागावं. त्या परातीकडे बघवत नसे. घड्याळ हातात घेतलं की बोटं भाजत. हे चांगलं लक्षण आहे असं मला वाटायचं.

तबकडी पांढरी होती, ती हळूहळू चहाच्या रंगावर आली. काच म्हणून जी होती ती काच नव्हतीच, पारदर्शक कचकड्याचा पत्रा होता. तो पिवळा पडला आणि कडेने वर उचलला. बायको वाकून बघत म्हणाली, "पिकलं हो तुमचं घड्याळ. आता आढीतून काढा."

मी तिच्यावर इतका ओरडलो की शेजारचे कुंपणापाशी आले. पाच मिनिटं मी तिला विज्ञान म्हणजे काय ते सांगत होतो, आणि ती कोकमं पालथी करत होती.

दुसऱ्या दिवशी काच टणकन उडाली. आईने घड्याळ आणून दिलं. तबकडीवर बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात मळा तडकतो तशा, आणि सहाच्या आकड्यावरचं रेडियम खपली धरून निघालेलं. इथे तरी माणसाने हात आवरावा की नाही? मी बायकोच्या अंबाड्यातला आकडा घेतला, परसातल्या फणसाचा चीक त्याच्या टोकावर घेतला आणि सहावर खपली चिकटवायला बसलो. फणसाचा चीक ज्याने हाताळलाय त्याला पुढचं सांगायला नको. खपली माझ्या बोटाला चिकटली, चीक तबकडीवर पसरला, आणि मिनिटकाटा फिरत फिरत आला तो त्यात येऊन बसला. बसला तो बसलाच.

मग मी चिडलो. आईवर, काठी लागली असेल म्हणून. बायकोवर, तिच्या अंबाड्यातला आकडा वाकडा निघाला म्हणून. फणसावरसुद्धा. शेवटी मोच्याकडे जाऊन भांडलो की तू पट्टा आवळलास म्हणून काच उडाली. त्याने विचारलं, "पट्टा धड आहे ना, रावसाहेब?"

पट्टा धड होता. सबंध घड्याळात तेवढाच.

पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या दिवसांत भावोजी मुंबईला निघायला म्हणून आले. पायही धुतले नाहीत, आधी हात पुढे केला. मी घड्याळ दिलं. ते घेऊन भावोजी कणग्यांच्या खोलीत गेले, आतून दार लोटून घेतलं. आम्ही सगळे बाहेर उभे. आक्का पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मग दार उघडलं.

"ह्याला काय केलंस?"

"ऊन दाखवलं."

"काय दाखवलंस?"

"ऊन. तेज उतरलं होतं त्याचं."

भावोजींचा आवाज वाऱ्यावर ओरडायची सवय असलेल्या माणसाचा. तो आमच्या ओसरीला मावेना. "शिंच्या, तेज उतरलं? अरे, दिवसच्या दिवस हे माझ्यासंगं बोटीच्या पोटात होतं. सूर्य म्हणून दिसत नाही तिथे! तिथे ह्याच्यावर वेळ बघितलीय मी. त्याचं तेज त्याच्या पोटात आहे, त्याला ऊन लागत नाही न् काय लागत नाही!"

"मग उन्हातून आणल्यावर जास्त का चमकायचं?"

"प्यायलेला माणूस पण जास्त नाचतो! म्हणून त्याला रोज पाजायची?"

आता माझंही डोकं फिरलं. चुकलेला माणूस जितक्या जोरात भांडतो तितका बरोबर असलेला कधी भांडत नाही. "तुम्ही सांगितलं का नाहीत मग?"

"सांगितलं होतं! काही करू नकोस म्हणून सांगितलं होतं!"

"ऊन दाखवणं म्हणजे काही करणं नव्हे!" मी ओरडलो, आणि ते अगदी मनापासून. आमच्याकडे वस्तू उन्हात ठेवली म्हणजे आपण काही केलं असं कुणी मानत नाही. जे करायचं ते सूर्य करतो. "तुमच्या घड्याळाची मी पोटच्या पोरासारखी काळजी घेतली. त्याचे हे पांग फेडलेत!"

"पुरे!" आक्का म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "ह्यांना परत खाली धाडलं, तर ह्या पोराला काय तुझं सायन्स खायला घालू?"

मी पाय आपटत परसात गेलो. परत येऊन बघतो तर बायकोने पेटी उघडून माझं घड्याळ काढलेलं. माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, खिशातलं, साखळीचं. मला विचारलंसुद्धा नाही. भावोजींच्या हातात देऊन म्हणाली, "अंधारात दिसत नाही हो ह्याच्यात. पण चालतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माझं घड्याळ! आणि तोंड उघडून बोलायची सोय नाही!

बोट दोन दिवसांनी होती. ते दोन दिवस भावोजी माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. दुपारी कणग्यांच्या खोलीत दार लावून बसत. मी फटीला कान लावला. "सव्वातीन," ते पुटपुटत. मग दार किलकिलं करून उजेडात बघत. "तीन वीस. शिंच्या." आणि पुन्हा दार बंद. माझ्या घड्याळाची काच बिजागरीची होती. ती उघडून अंगठ्याने काटे चाचपून वेळ ओळखायची ते सवय करत होते. काळोखात, एवढा थोरला दर्यावर्दी माणूस, आंधळ्यासारखा. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण पहिला विचार आला तो हा, की माझ्या तबकडीवर आता ह्यांच्या अंगठ्याचे डाग पडणार.

निघायच्या दिवशी सकाळी दार उघडून ते बाहेर आले आणि आक्काला म्हणाले, "जमतंय. पाच-दहा मिनिटं मागेपुढे." आक्काने डोळे पुसले. पाच-दहा मिनिटं म्हणजे साहेबाला चालतील की नाही, हे तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

बंदरावर आम्ही सगळे गेलो. आगबोट बाहेर उभी, उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. भावोजींची वळकटी मी डोक्यावरून आणली होती. ती त्यांनी माझ्याकडे न बघता घेतली. पडाव सुटला. लाटेवर हेलकावत तो वळला तेव्हा भावोजी उभे राहिले, आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात आक्काला ओरडून म्हणाले,

"पोर झालं की ह्याच्या हातात देऊ नकोस हां! वाळत घालील!"