पीठ आहे पीठ!

आमच्या ह्यांना त्यांच्या रोटाव्हेटरचा केवढा तोरा! तीस वर्षं ट्रॅक्टरमागे तो लावून लोकांची शेतं पेरणीसाठी भुसभुशीत करून देतात. काम संपलं की खाली उतरायचं, मूठभर माती बोटांतून सोडायची आणि म्हणायचं, "पीठ आहे पीठ!" लग्नापासून ऐकतेय, कान किटले.

यंदा वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, सकाळीच दारात. त्यांचं शेत आमच्या बांधाला लागूनच. म्हणाल्या, "माझं रान नांगरायचं नाही. मागच्या पिकाची धसकटं राहू देत. बी पडणार तेवढाच पट्टा मोकळा कर, तोही एकदाच."

"ताई, लोक हसतील! म्हणतील, बहिणीचंच काम अर्धवट केलं."

"हसू देत. करतोस, की दुसऱ्याला सांगू?"

दुसऱ्याचं नाव काढल्यावर ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. धुसफुसत यंत्राची अधलीमधली पाती काढली, पट्टे मारून दिले. मग पाती परत बसवून आमच्या शेतात दोनऐवजी चार फेऱ्या घेतल्या. मी म्हटलं, "अहो, पुरे की!" तर म्हणे, "ताईला दिसू दे, काम कशाला म्हणतात." घ्या! पन्नाशी उलटली तरी बहिणीशी स्पर्धा.

पेरणी दोघांची एकाच दिवशी झाली. दोन दिवसांनी जोरदार सर कोसळली, मग चार दिवस कडक ऊन. वन्संच्या शेतात धसकटांमधून हिरव्या ओळी वर आल्या. आमचं पीठ मात्र भिजून वाळलं आणि त्यावर फरशीसारखी पपडी धरली. बी रुजलं होतं, पण कोंब खाली अडकून वाकडे झाले होते. आणखी दोन दिवसांत सगळं गेलं असतं.

हे गुडघ्यांवर बसून हातदंताळ्याने पपडी फोडायला लागले. मीही बसले. राग तर असा आला होता! पण त्यांचं उतरलेलं तोंड बघून गिळला.

तेवढ्यात वन्सं बांध ओलांडून आल्या, स्वतःचं दंताळं घेऊन. ह्यांच्या शेजारच्या ओळीत बसल्या. एक ओळ संपली, दुसरी संपली, तोंडातून अवाक्षर नाही. शेवटी ह्यांनाच राहवेना. डोळे भरून आले होते.

"ताई, बोल ना एकदाचं, काय बोलायचंय ते!"

"काय बोलू?" वन्सं म्हणाल्या. "खाली बघ. कोंब मोडेल."