अकरावं नाव

माझं अक्षर चांगलं आहे, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या अक्षरापायी घडलं. कृष्णाकाठच्या एका प्राथमिक शाळेत मी बत्तीस वर्षं शिकवलं. फळ्यावरचा सुविचार, निकालपत्रकं, पाहुण्यांच्या स्वागताच्या पाट्या, सगळं माझ्याच गळ्यात पडायचं. आणि मुलांच्या हजेरीचा कॅटलॉग तर मी असा ठेवायचे की तपासणीला आलेले साहेब तो बाकीच्या शिक्षकांना उघडून दाखवायचे. सकाळी पेन्सिलीनं मांडायचं, शाळा सुटताना शाईनं गिरवायचं, आणि महिनाअखेरीला पेन्सिलीचा एक ठिपकाही मागे ठेवायचा नाही, ही माझी शिस्त. नोकरी संपली, शिस्त काही संपली नाही.

हे गेल्यावर मी विनिपेगला मुलाकडे आले. मुलगा आणि सून कामावर, नात शाळेत, आणि मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून गोठलेली नदी बघत बसलेली. लोक तिच्यावरून चालत जायचे, कुत्री फिरवायचे. मला ते बघवायचं नाही. नदीवर माणसानं चालू नये असं मला अजूनही वाटतं.

आमच्या समोरच्या घरात एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. ओळख झाली ती बेसमेंटमधल्या लॉन्ड्रीत. त्यांनी पांढऱ्या चादरींबरोबर एक लाल शर्ट मशीनमध्ये टाकला होता आणि सगळ्या चादरी गुलाबी होऊन बाहेर आल्या होत्या. मला राहवेना. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. ते चिडतील असं वाटलं, पण ते हसतच सुटले. तितक्याच मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "आमच्या क्लबचे शर्ट असेच होते. पाऊस आला की रंग अंगावर."

क्लब म्हणजे फुटबॉलचा. त्यांचं गाव पराग्वेतल्या एका भल्या मोठ्या नदीच्या काठी. तिथे चामडं कमावण्यासाठी लाल लाकडाचा अर्क काढायचा कारखाना होता आणि कामगारांनीच तो क्लब काढला. शर्ट पिठाच्या पोत्यांचे, बायकांनी घरी शिवलेले आणि त्या अर्कात बुडवलेले. पावसात सामना झाला की अकराच्या अकरा जण कातडीपर्यंत लाल व्हायचे, आणि दोन-तीन दिवस कितीही घासलं तरी तो रंग जायचा नाही. मैदान नदीला इतकं लागून की एका गोलमागे थेट पाणीच. म्हणून क्लबनं एक नावाडी नेमला होता. सामनाभर त्यानं होडीत बसायचं आणि पाण्यात गेलेला चेंडू काढून द्यायचा. तो नावाडी म्हणजे यांचे वडील. पुढे हे स्वतः संघात डावीकडून खेळायला लागले, आणि अक्षर बरं म्हणून क्लबचे सेक्रेटरीही झाले. अक्षर बरं म्हटल्यावर माझे कान टवकारले.

क्लबला आता शंभर वर्षं होणार होती. त्यांच्या बहिणीची नात गावीच राहत होती आणि तिला क्लबचा इतिहास लिहून हवा होता. जुनी वही यांच्याकडे, पण यांचे हात थरथरायचे. "टीचर, तुम्ही लिहाल?" त्यांनी विचारलं. मी कसली नाही म्हणते! रोज सकाळी साडेदहाला मी चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायचे. ते कडू पानांचा चहा धातूच्या नळीनं ओढत सांगायचे, त्यांच्या इंग्रजीत. मी माझ्या इंग्रजीत लिहायचे, आणि ती मुलगी कॉम्प्युटरवर त्याचं स्पॅनिश करायची. इतक्या हातांतून गेलेल्या त्या इतिहासाचं काय झालं असेल ते देवच जाणे.

पण गोष्टी फार छान होत्या. पहिल्या वर्षी क्लब सगळे सामने हरला. गोलचे खांब बुडालेल्या जहाजाच्या डोलकाठीचे होते. एकदा गुडघाभर पुरात सामना झाला आणि चेंडू गोलमध्ये गेला की गोलवरून वाहत गेला, यावरून दोन गावांत अजून बोलणं नाही. मी हसून हसून लिहायचे. आणि मग त्यांनी मला क्लबची रीत सांगितली. सामन्याच्या दिवशी निघायच्या आधी सेक्रेटरीनं अकरा नावं वहीत पेन्सिलीनं लिहायची आणि मोठ्यानं वाचायची. ज्यानं त्यानं हजर म्हणायचं. खेळून माणसं घरी परतली की मगच ती नावं शाईनं गिरवायची. माझा कॅटलॉग मला पराग्वेत भेटला म्हणून मला कोण आनंद झाला!

वहीचं शेवटचं पान मात्र नुसतं पेन्सिलीचं होतं. ते पान आलं त्या दिवशी ते चहा प्यायले नाहीत. दुपारी दोनला लाँच निघाली होती, नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावी सामना होता. वादळ आलं, लाँच उलटली, अकरा जण गेले. काही सापडले, काही नाही. "अकरावा माझा भाऊ," ते म्हणाले. "तो सापडला नाही. मी घरी होतो. दात दुखत होता." भावाचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही. संघातला माणूस दातासाठी घरी राहिला तर त्याच्या जागी कोण गेलं, हे विचारायचंही मला सुचलं नाही. एरवी मी वर्गातल्या पोरांना खोदून खोदून विचारणारी बाई.

जानेवारीतल्या एका रविवारी, दुपारी दोनला, मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. बाहेर उणे तीस आणि ऊन मात्र लख्ख. आमच्या मजल्याच्या टोकाला आग लागल्यावर उतरायचा सिमेंटचा जिना आहे. त्यातून टक-टक, टक-टक असे पुष्कळ पावलांचे आवाज वर येत होते. इथे बर्फावरून घसरू नये म्हणून लोक बुटांखाली खिळ्यांचे पट्टे लावतात. ते न काढताच कोणीतरी चढतंय असं वाटून मी तरातरा गेले आणि जिन्याचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. आवाज थांबला. वास मात्र आला. पूर ओसरल्यावर आमच्या शाळेच्या वर्गांत येतो तो, गाळाचा आणि कुजलेल्या पानांचा. बाहेर सगळी जमीन दगडासारखी गोठलेली असताना तो वास येऊच शकत नव्हता. 

मी मागे वळले तर म्हाताऱ्यांचं दार बोटभर उघडं होतं आणि आत ते सावकाश नावं वाचत होते. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचे. सवयीनं मी मोजली. दहा झाली. मग कितीतरी वेळ काहीच नाही. नंतर माझ्या पाठीमागे, जिन्यात, ती पावलं एकेक करत खाली उतरत गेली.

जेवताना मी हे मुलाला सांगितलं. "अगं आई, हीटिंगचे पाइप्स आहेत ते. विंटरमध्ये एक्स्पांड होतात," तो म्हणाला. "आणि तू ते स्टेअर्स अव्हॉइड कर ना प्लीज. डोअर मागून लॉक होतं."

"आज्जी, इज इट अ घोस्ट?" नातीनं विचारलं.

"जेव मुकाट्यानं," मी म्हटलं.

सोमवारी मी म्हाताऱ्यांनाच विचारलं. त्यांनी लपवलं नाही. "ते येतात," म्हणाले. "निघायच्या वेळेला. मी नावं वाचावीत म्हणून जिन्यात थांबतात. दहा वाचतो मी."

"आणि अकरावं?"

"अकरावं माझ्यानं वाचवत नाही, टीचर. मग ते परत जातात. पुढच्या रविवारी पुन्हा येतात. किती वर्षं झाली."

मला भीती वाटली हे खरं. पण त्याहून जास्त त्यांची कीव आली. आणि मनात एक चीडही आली, ती शिक्षकाची: अर्धी हजेरी घेऊन कधी कोणाला सोडतात का?

फेब्रुवारीत त्या मुलीनं शेवटच्या पानाचा फोटो मागितला. क्लबच्या भिंतीवर ती अकरा नावं रंगवायची होती. म्हाताऱ्यांनी शनिवारी वही माझ्या हातात दिली. मी खिडकीशी टेबलावर ती उघडली, फोनमधून तीन-चार फोटो काढले, तर पान कोरंच दिसे. पेन्सिल पार फिकी पडलेली. मग मी माझं बारीक निबाचं पेन काढलं आणि गिरवायला बसले. मनात पाप नव्हतं. उलट, एवढी वर्षं राहिलेलं काम मी पुरं करून देतेय, असंच वाटत होतं.

दहा नावं सहज झाली. अकराव्या जागी घोळ होता. एक नाव खोडून त्यावरच दुसरं लिहिलेलं, दोन्ही फिकी, आडनाव एकच, समोरच्या दारावरचं. मी पान उन्हात तिरकं धरलं. एक नाव कागदात खोल उमटलं होतं, नीट दाबून लिहिलेलं. दुसरं वरवरचं, घाईतलं, त्यातलं पहिलं नाव वाचताच येईना. पोरं घाईत लिहितात ते चुकीचं असतं आणि दाबून लिहितात ते खरं, हा माझा जन्माचा अनुभव. मी खोल उमटलेलं गिरवलं. म्हाताऱ्यांना मी आडनावानंच हाक मारायचे, त्यांचं पहिलं नाव मला कधी कळलंच नव्हतं. पान स्वच्छ दिसावं म्हणून उरलेली पेन्सिल रबरानं पुसली, भुसा फुंकरून टाकला आणि फोटो पाठवून दिला.

रविवारी दोनच्या आधी मी वही परत द्यायला गेले. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि बघतच राहिले.

"हे कोणी केलं?"

"मी. फोटोत काही दिसत नव्हतं."

त्यांनी बोट अकराव्या ओळीवर ठेवलं. "हे माझं नाव आहे."

मग त्यांनी जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्या दिवशी अकरावे तेच होते. सकाळी स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, मग दात ठणकायला लागला. रबर नव्हतं म्हणून पावाच्या तुकड्यानं घासून त्यांनी आपलं नाव खोडलं आणि घाईघाईनं धाकट्या भावाचं लिहिलं. तो एकोणीस वर्षांचा. पहिल्या संघात कधी खेळला नव्हता, आनंदानं नाचत होता. "माझेच खिळ्यांचे बूट घालून गेला," ते म्हणाले. "त्याला मोठे व्हायचे. पुढे कागद कोंबला होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी दुरुस्त करते, आत्ता करते," मी म्हणत होते.

"शाईतलं बदलायचं नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. इतक्या दिवसांत मी तो एवढा शांत कधी पाहिला नव्हता. "हेच बरोबर आहे, टीचर. जायचं मलाच होतं."

जिन्यात पावलं वाजली. वर आली आणि थांबली. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. त्यांनी दहा नावं वाचली. मग स्वतःचं नाव वाचलं. आणि स्वतःच, त्यांच्या भाषेत, मोठ्यानं हजर म्हणाले. पावलं खाली गेली. या वेळी धावत, सामन्याला निघालेली पोरं जातात तशी.

"आता तो सुटला," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी नव्या पानावर त्याचं नाव लिहू. तुमच्या अक्षरात." मी मान हलवली. ते नाव काय, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

बुधवारी ते झोपेतच गेले. स्ट्रेचर आमच्या दारावरून नेलं तेव्हा चादरीबाहेर त्यांचा एक हात राहिला होता. तो मनगटापर्यंत लाल होता, तांबूस लाल, भिजलेल्या शर्टाचा रंग उतरावा तसा. मुलगा म्हणतो, माणूस गेल्यावर रक्त साकळतं. मी काय पाहिलं ते मला ठाऊक आहे.

मी त्या मुलीला सगळं कळवलं, माझी चूक जशीच्या तशी. तिचं उत्तर आलं. नावं भिंतीवर रंगवून झाली होती. धाकट्या भावाचं नाव तिला माहीत नव्हतं, तिची आजी त्याला 'धाकटा'च म्हणायची. चर्चची जुनी कागदपत्रं पुरात गेली, आणि त्याला ओळखणारं कोणी उरलेलं नाही. वही तिच्याकडे पाठवण्याआधी मी ते पान दिव्याखाली, उन्हात, भिंगातून, सगळ्या प्रकारे पाहिलं. काहीच उरलं नव्हतं. मी रबर फार नीट वापरते.

समोरचं घर आता रिकामं आहे, रंग देऊन कुलूप लावलंय. रविवारी दोनला जिन्यात आवाज येतो, पण एकाच माणसाचा. टक, आणि मग टाच सुटून फट. पायाला मोठे होणारे बूट. सावकाश वर येतो, गाळाचा वास येतो, आणि त्या बंद दाराशी तो थांबतो. मी आमचं दार उघडून उभी राहते. "ये बाळा, आत ये," म्हणते, मराठीत, मग इंग्रजीत. तो येत नाही आणि जातही नाही. उशिरा आलेलं पोर बाईंनी नाव घेतल्याशिवाय वर्गात पाऊल टाकत नाही, तसा तो नुसता उभा असतो. बत्तीस वर्षांत मी एकाही मुलाला असं दारात ताटकळत ठेवलं नव्हतं. याला हाक मारायची आहे, पण याचं नाव मला माहीत नाही, आणि ते पुसलं मीच.