‘रेट बराबर टाक’

"मॅडम, हा मेसेज म्हणजे कबुलीच आहे," मेहरा फोनवर म्हणाला. मेहरा आमच्या लॉ फर्मचा पार्टनर, म्हणजे माझा बॉस. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तो दिल्लीत होता आणि मी जालन्यात, आमचे क्लायंट युसूफभाई यांच्या पाइपच्या कारखान्यात.

मुलांनो, आमची टीम स्पर्धा कायद्याच्या केसेस लढवायची. युसूफभाईंवर बिड रिगिंगचा आरोप होता. म्हणजे टेंडर भरणाऱ्यांनी आधीच आपसांत रेट ठरवायचे आणि स्पर्धेचं नुसतं नाटक करायचं. पाणीपुरवठ्याच्या एका टेंडरमध्ये त्यांचा आणि दुसऱ्या कारखान्याचा रेट जवळजवळ सारखा निघाला होता. दोघंही प्लॅस्टिकचा दाणा एकाच ठिकाणाहून घेत, त्यामुळे तेवढं समजावता आलं असतं. पण तपासात युसूफभाईंनी आपला क्लार्क गजानन याला पाठवलेला मेसेज सापडला. इंग्रजी भाषांतरात त्याचा अर्थ असा दिला होता : ‘सारखा रेट टाक.’

आरोप सिद्ध झाला, तर सरकारी टेंडर भरायला बंदी. कारखान्याचा सगळा माल सरकारी योजनांनाच जायचा. कुलूपच लागलं असतं.

मी मूळ मेसेज मागितला. ‘रेट बराबर टाक.’ माझं माहेर इथलंच, जालन्यातल्या मस्तगडचं. मला हसूच आलं.

"युसूफभाई, असं का लिहिलंत?"

"का म्हंजे, बाई? मागच्या टेंडरला यानं रेट जीएसटीच्या रकान्यात भरला. टेंडर बाद. मंग सांगावं न्हाई लागत?"

"एकदाच झाल्तं, शेठ," गजानन म्हणाला.

"तू दोनदा करायची वाट बघू का?"

मेहराला पटेना. "मॅडम, डिक्शनरीत बराबर म्हणजे इक्वल."

"इथे बराबर म्हणजे नीट, मेहरा. मला दोन दिवस दे."

युसूफभाई आणि गजानन यांचं वर्षभराचं चॅट मी काढलं, तारखेनुसार लावलं, प्रत्येक ‘बराबर’खाली रेघ मारली. मागचं टेंडर बाद झाल्याचं पत्र वर जोडलं.

स्पर्धा आयोगापुढच्या सुनावणीत मी तीनच मेसेज वाचले. ‘ताडपत्री बराबर बांध.’ ‘गाडी बराबर उभी कर.’ ‘साहेब येऊन राह्यले, शर्टाची बटनं बराबर लाव.’

"या भाषांतराप्रमाणे," मी विचारलं, "गजाननने आपली बटणं नेमकी कुणाच्या बटणांइतकी लावायची होती?"

आयोगाचे एक सदस्य हसले. मग त्यांनी समोरच्या वकिलांना विचारलं, "दुसरा काही पुरावा?"

वकिलांनी फाइल चाळली. "सध्या नाही."

केस बंद झाली. निकालात ‘बराबर’ या शब्दावर पूर्ण एक परिच्छेद होता. तो मी दोनदा वाचला.

त्यानंतर मेहराने टीमसाठी नियम केला : भाषांतरावर मत देण्याआधी मूळ कागद त्या गावच्या माणसाला दाखवायचा. मीटिंगमध्ये तो म्हणाला, ही कल्पना त्यालाच सुचली. मी हरकत घेतली नाही. नियम चांगला असला, की तो कुणाच्या का नावावर असेना, पाळला जातोय ना, एवढंच बघावं.