बेलचं दुसरं बटन

कळंबच्या बसस्टँडजवळ माह्यं अन् रफिकभाईचं रिपेरिंगचं दुकान आहे. दुरुस्त वस्तू लोक घरी नेतात, किस्से आमच्याकडेच टाकून जातात. ठेवाचे कुठं, सांगा!

*

एका भौनं घरचं बटन स्वतःच बसवलं, फेजऐवजी न्यूट्रलवर. दिवा बरोबर विझे, होल्डरमधला करंट तसाच! होल्डर बदलायले चढला अन् फेकल्या गेला. हात प्लास्टरमधी, तरी दुकानात भांडायले हजर. "बटन तर बंद होतं!"

रफिकभाई म्हणे, "करंट ने नहीं देखा होगा, भाई!"

*

एका घरी जिन्याच्या लाइटले दोन बटनं लावली, एक वर, एक खाली. आठ दिवसांत तिथली सून आली. "वरचं काढा. मी अर्ध्या जिन्यात असली का सासूबाई बंद करते!"

मी हसलो. तिच्या पायाले पट्टी होती.

*

पंपाले ऑटो स्विच लावू नका, हे सांगून सांगून माह्या घशाले कोरड पडली. लाइन आली का मोटर आपोआप सुरू होते, शेतातली चक्कर वाचते, म्हणून सगळ्याईले तेच पाह्यजे. एक जण लाइन नसताना मोटरचा पट्टा बसवत होता, तेवढ्यात लाइन आली. दोन बोटं गेली. पुढच्या महिन्यात तोच दुकानात, "ऑटोवालाच स्टार्टर द्या!"

माह्यं डोकंच फिरलं. "लेका, बोटं गेली ना तुही!"

"आठ आहेत अजून!"

*

अन् एक आमचे रिटायर्ड गुरुजी. काकूले लकवा मारला, वाचा गेली, एक हात तेवढा हाले. मी खाटेशी हलकं बटन लावून देल्लं. नुसता हात पडला तरी समोरच्या खोलीत बेल वाजे.

महिन्यानं गुरुजी आले. "दिवसभर वाजवते रे. पाणी नको, काही नको, फक्त मी समोर पाह्यजे. मले दुपारी घडीभर झोपू दे."

मग बेलच्याच लाइनीत दुसरं बटन टाकलं, गुरुजींच्या उशाशी. हे बंद, तर बेल बंद. मीच टाकलं, कायले खोटं बोलू?

परवा गुरुजी आले ते डोकं भादरून. स्टुलावर बसले.

"ते बटन काढून ने बापा," म्हणाले. "दुपारी बंद केलं अन् डोळा लागला. उठून चालू केलं, तर बेल लगेच सुरू. थांबेचना. मी समोरच्या खोलीतूनच वरडलो, येऊन राह्यलो ना, सोड आता ते बटन!"