मैत्रीच्या पिठाचा डबा

शेजारणीशी तुटलेली मैत्री जोडायला मी तिला आंबणाऱ्या पिठाचा डबा दिला आणि त्याचं झाकण घट्ट लावलं.

शेजारीण म्हणजे परब वहिनी. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत आमच्या दारासमोर त्यांचं दार. गेल्या गणपतीत माझी बायको मेधा त्यांचा मोदक खाताना म्हणाली, "पारी जरा जाड झाली ना?" एवढंच. (एवढंच! मालवणच्या बाईला!) तेव्हापासून अबोला. त्यात बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मे संपायच्या आत आम्ही भाड्याने मुलुंडला आणि परब दहिसरला जाणार होते. मेधा रोज चहाच्या वेळी त्या बंद दाराकडे बघायची आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणायची, "मला काही फरक पडत नाही!"

मी फोनवर हे सगळं ताईला सांगितलं. ताई पेनसिल्व्हेनियात असते. तिच्या आसपास आमिश या जुन्या, साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती आहे. घरात वीज नाही, दारात मोटार नाही, फिरणं घोडागाडीतून. पण बायका घरच्या भट्टीत पाव, ॲपल पाय, केक असे भाजतात की लोक लांबून विकत घ्यायला येतात. ताई म्हणाली, "इथे त्यांच्या नावाने एक मैत्रीचं पीठ चालतं बघ. दूध, साखर, मैदा, यीस्ट आंबवायचं, रोज ढवळायचं आणि वाटीभर शेजाऱ्याला द्यायचं. त्याने त्याचा गोड पाव भाजायचा."

"म्हणजे आपलं विरजण!"

"तसंच. पण झाकण सैल ठेव हं, बावळटा, आत गॅस धरतो."

मी पीठ आंबवलं, आणि घरी होतं तोवर झाकण सैलच ठेवलं. पण शेजारी उघडा डबा कोण देतं? लोक काय म्हणतील! मी क्लिपवाला स्टीलचा डबा काढला, गळ्यापर्यंत पीठ भरलं आणि मेधा बाजारात गेल्यावर समोरची बेल वाजवली.

"वहिनी, हे उद्या उघडा. सरप्राइज!"

वहिनींनी डबा हातात घेतला. "मेधाने दिला?"

आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला नाही म्हणवेना. "हो… म्हणजे… आमच्याकडूनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून आवाज आला. ठो! पाठोपाठ झाकण कुठेतरी आपटल्याचा खणखणाट आणि वहिनींची किंकाळी. मेधाने हातातलं लाटणं टाकलं, अबोला विसरली आणि सरळ परबांच्या स्वयंपाकघरात घुसली. मी मागोमाग. (पळून जायला लिफ्ट बंद होती.)

छतावर पीठ. पंख्यावर पीठ. वहिनींच्या केसांतून पीठ कपाळावर उतरत होतं आणि मे महिन्यात आंबलेल्या दुधाचा वास सगळ्या मजल्यावर दरवळत होता.

"ह्यां काय हा गे, मेधा? एका मोदकावरून बॉम्ब?"

"मी? मी कधी दिला?"

वहिनी पदराने कपाळ पुसत हळूच म्हणाल्या, "म्हणजे तू नाही पाठवलास? मला वाटलं… रात्री ह्यांना सांगितलं पण, मेधाने डबा पाठवला म्हणून."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"मी नाही पाठवला," मेधा म्हणाली. "पण मीच पाठवायला हवा होता. वहिनी, त्या मोदकांतले पाच मी एकटीने खाल्ले होते हो! जाड असते तर खाल्ले असते का?"

"मग तेव्हा बोललीस का नाय, मेले?"

"तुम्ही दार आपटलंत ना!"

आणि दोघी हसायला लागल्या, रडायलाही लागल्या, त्यात मेधालाही पीठ लागलं. थोड्या वेळाने माझ्या घरातलं उरलेलं पीठ आमच्या ओव्हनमध्ये गेलं. वहिनींनी त्यात वेलची आणि ओलं खोबरं घातलं. (आमिश लोकांनी माफ करावं.) पाव मधे बसला, कडेला करपला, आणि दोघींनी तो उभ्या उभ्या संपवला. मला तुकडा मिळाला नाही, कारण मी परबांच्या स्टुलावर चढून छत पुसत होतो.

तिथूनच मी म्हणालो, "काही म्हणा, आमिश लोकांची पद्धत कामी आली की नाही?"

वहिनी खालून म्हणाल्या, "पद्धत चांगलीच असणार हो, भावजी. तुमच्या हातात पडली, एवढंच वाईट झालं."